मक्याचे वाण, जमीन आणि पर्जन्यमान : नत्राच्या जमाखर्चाविषयी काही सूचना

बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव, पक्वतेचा काळ आणि उगवणशक्ती यांचा तपशील छापलेला असतो. परंतु आपण विकत घेऊन घातलेल्या नत्रापैकी किती नत्र दाण्यात उतरेल, या प्रश्नाचे उत्तर त्या पिशवीवर मिळत नाही, आणि मिळणे शक्यही नाही. कारण नत्र वापरण्याची कार्यक्षमता हा जितका वाणाचा गुण आहे, तितकाच तो त्या वाणाखालच्या जमिनीचा आणि त्या हंगामातील पर्जन्याचाही गुण आहे. कन्नड-सिल्लोडपासून जळगाव, धुळे आणि नाशिक जिल्ह्यातील येवला-मालेगावपर्यंत मक्याचा जो विस्तीर्ण टापू गेल्या काही दशकांत तयार झाला, त्यात एकाच गावच्या शिवारात पुरुषभर खोल काळी जमीन आणि वीतभर मातीखाली मुरूम लागणारा माळ शेजारी शेजारी नांदतात, आणि तरीही दोन्हीकडे तेच वाण, तीच मात्रा आणि खत टाकण्याचा तोच दिवस पाळला जातो, ही गोष्ट मला फार खटकते. जमीन आणि हवामान यांची चौकशी करून मग वाण ठरवावे, आणि वाण ठरल्यावर नत्राची वाटणी पावसाच्या चालीप्रमाणे करावी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

हिशेबाची रीत प्रथम निश्चित केली पाहिजे. १९८२ साली मोल, कॅम्प्रॅथ आणि जॅक्सन या अमेरिकन संशोधकांनी मक्याच्या संकरित वाणांवर काम करताना नत्राच्या कार्यक्षमतेची जी व्याख्या केली, ती आजही प्रमाण मानली जाते. जमिनीतून मिळू शकणाऱ्या दर किलो नत्रामागे किती किलो दाणे मिळाले, ही ती कार्यक्षमता. आणि तिचे घटक दोन : मुळांनी नत्र उचलण्याची शक्ती हा एक, आणि उचललेल्या नत्रातून दाणा घडविण्याची शक्ती हा दुसरा. त्यांना असे आढळून आले की, नत्राचा पुरवठा तुटपुंजा असताना वाणावाणांतील भेद मुख्यतः दुसऱ्या शक्तीमुळे पडतो, आणि पुरवठा भरपूर असताना तो मुख्यतः पहिल्या शक्तीमुळे पडतो. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. ज्याच्या जमिनीत नत्र टिकत नाही किंवा ज्याला पूर्ण मात्रा परवडत नाही, अशा जिरायतदाराला हवे असलेले वाण आणि पूर्ण मात्रा घालणाऱ्या बागायतदाराला हवे असलेले वाण ही एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. १९९९ साली रॉन आणि जॉन्सन यांनी साऱ्या जगातील तृणधान्यांचा ताळेबंद मांडला, तेव्हा खतातून दिलेल्या नत्रापैकी सुमारे ३३ टक्केच दाण्यात उतरते असे त्यांना दिसले. उरलेल्यापैकी काही ताटांत आणि मातीत राहते. पुष्कळसे हवेत, ओढ्यानाल्यांत आणि विहिरींच्या पाण्यात जाते.

आता आपल्याकडील शिफारस पाहू. खरीप मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यावे, आणि नत्राचे तीन समान हप्ते करून ते पेरणीच्या वेळी, सुमारे ३० दिवसांनी आणि ४० ते ४५ दिवसांनी घालावेत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी हे नत्र ४८ किलो होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोंच्या एका गोणीत २०.७ किलो, तेव्हा सारे नत्र युरियातून द्यायचे झाल्यास एकराला सुमारे १०४ किलो युरिया लागतो. एक क्विंटल मक्याच्या दाण्यात साधारणतः सव्वा ते दीड किलो नत्र असते आणि ताटे-पाने धरून दोन ते अडीच किलो, हे ध्यानात घेतले म्हणजे हेक्टरी ६० क्विंटलांचे पीक १२० ते १५० किलो नत्र उचलते असे दिसेल. यांपैकी काही भाग जमीन स्वतःच पुरविते. परंतु किती पुरविते, हे जमिनीजमिनीवर अवलंबून आहे.

काळ्या जमिनीविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तिच्या रंगाने भल्याभल्यांची फसगत होते. काळा रंग म्हणजे सेंद्रिय द्रव्याची समृद्धी, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील पुष्कळ काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरच भरतो. त्या अर्ध्या टक्क्याचा हिशेब केला तर वरच्या २० सेंटिमीटर थरात हेक्टरी ११०० ते १३०० किलो नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते, आणि जिवाणूंच्या कार्यामुळे वर्षाकाठी त्याचा दोन-तीन टक्के भाग, म्हणजे अदमासे २५ ते ४० किलो, पिकाला घेण्याजोग्या रूपात मोकळा होतो. एवढ्या नत्रावर मोठ्या पिकाची भिस्त ठेवता येत नाही. मृद् परीक्षणाच्या दाखल्यावर जो ‘उपलब्ध नत्र’ हा आकडा असतो आणि जो हेक्टरी २८० किलोंच्या खाली असल्यास कमी समजला जातो, तो आकडा म्हणजे नमुना काढला त्या दिवशी मुळांच्या हाती असलेले नत्र नव्हे. रासायनिक कसोटीने सेंद्रिय द्रव्यातून सुटू शकणाऱ्या नत्राचा तो अंदाज आहे. या दाखल्याची किंमत मी कमी करू इच्छित नाही. परंतु त्यावरील सामू, चुनखडीचे प्रमाण आणि सेंद्रिय कर्ब हे तीन रकाने नत्राच्या रकान्याहूनही अधिक लक्षपूर्वक वाचावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

सामू आणि चुनखडी यांचा संबंध युरियाच्या पहिल्या चार-पाच दिवसांशी आहे. युरियाचे दाणे ओलसर मातीवर पडले की मातीतील युरियेज नावाच्या विकराने त्यांचे अमोनियम कार्बोनेट होते, आणि जेथे सामू ८ च्या आसपास किंवा वर आहे, माती तापलेली आहे आणि वारा वाहत आहे, तेथे त्यातील अमोनिया वायुरूपाने उडून जातो. आषाढातील भुरभुर पाऊस या दृष्टीने विशेष घातक होय. दोन-तीन मिलिमीटरांची सर आली, तिने दाणा विरघळला पण मातीत उतरविला नाही, आणि मग दोन दिवस ऊन-वारा लागला, म्हणजे फेकून दिलेल्या युरियाचा मोठा हिस्सा शेत सोडून गेला असे समजावे. याउलट, कोळपणीच्या मागे ओळीलगत, ताटापासून चार बोटे अंतरावर, वाफशावर असलेल्या मातीत दीड-दोन इंच खोल युरिया गाडला आणि लगेच मातीची भर लावली, तर हे नुकसान फार अंशी टळते. निंबोळीयुक्त युरिया २०१५ पासून देशात सक्तीचा झाला. त्याने अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो हे खरे. परंतु उघड्यावर पडलेल्या खतातून अमोनिया उडण्याला त्याने म्हणावा तसा अटकाव होत नाही, तेव्हा निंबोळीच्या भरवशावर गाडण्याचे काम टाळू नये.

काळ्या जमिनीची दुसरी अडचण पाण्याची आहे. या मातीतील चिकणमातीचे कण भिजले की फुगतात, भेगा मिटतात, आणि मग सलग झडीत पाणी खाली जाण्यास वाट राहत नाही. वाटेतील हवा संपली की मातीतील काही जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायूवर निर्वाह करू लागतात आणि नत्र वायुरूपाने निसटते. उबदार मातीत दोन-तीन दिवस पाणी तुंबले तरी हा व्यवहार सुरू होतो. त्यातच मका हे पीक गुडघ्याइतके होईपर्यंत तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. मुळे गुदमरली म्हणजे मातीत असलेले नत्रही उचलले जात नाही, आणि खालची पाने पिवळी पडतात. अशा वेळी पिवळेपणा पाहून तुंबलेल्या पाण्यातच युरिया फेकणारे पुष्कळ असतात, व त्यांचा तो खर्च व्यर्थ जातो. प्रथम पाणी काढावे, वाफसा येऊ द्यावा, आणि मगच हप्ता द्यावा. दोन-चार दिवसांचा धीर निघत नसेल तर २ टक्के युरियाची फवारणी तात्पुरता आधार म्हणून करावी. परंतु एकरी २०० लिटर द्रावणातून ४ किलो युरिया, म्हणजे जेमतेम १.८ किलो नत्र जाते, हे लक्षात ठेवून फवारणीला हप्त्याचा पर्याय मानू नये. मूळचा उपाय पेरणीतच आहे : १९७० च्या दशकात हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत बसविली, आणि आज तिच्यासाठी आपल्याकडे पेरणीयंत्रेही मिळतात. वरंब्यावरील मका झडीत उभा राहतो आणि सरीत मुरलेले पाणी पुढच्या उघडिपीत उपयोगी पडते.

हलक्या, मुरमाड जमिनीत याच्या उलट स्थिती असते. तेथे पाणी तुंबत नाही, ते झपाट्याने खाली जाते, आणि अमोनियमप्रमाणे मातीच्या कणांना चिकटून न राहणारे नायट्रेट त्याच्याबरोबर जाते. खाली एक-दीड फुटावर मुरूम असल्यामुळे मुळांना त्याचा पाठलागही करता येत नाही. अशा जमिनीत तीन हप्त्यांची शिफारस जशीच्या तशी पाळणे मला योग्य वाटत नाही. पेरणीच्या वेळी रोपाला लागणारे नत्र थोडे असते, तेव्हा तेथे पहिला हप्ता २० ते २५ किलोंवर आणून उरलेली मात्रा तुरा निघण्यापूर्वी चार लहान हप्त्यांत वाटावी. मजुरी वाढते हे मान्य, पण प्रत्येक हप्ता लहान असल्याने एखाद्या मुसळधार पावसाने होणारी हानीही लहान राहते. येथे शेणखताचे महत्त्व काळ्या जमिनीहून अधिक आहे. चांगल्या शेणखतात साधारणतः अर्धा टक्का नत्र धरले, तर हेक्टरी १० टनांतून ५० किलो मिळते. त्यातील पहिल्या वर्षी एक-तृतीयांशाच्या आसपासच हाती लागते, परंतु ओल आणि अमोनियम धरून ठेवण्याची जी शक्ती माळाच्या मातीला लाभते, तिची गणना किलोंत करता येत नाही. मात्र न कुजलेला काडीकचरा किंवा गव्हाचे काड पेरणीच्या तोंडावर मातीत मिसळण्याचा मोह आवरावा, कारण कर्बाचे प्रमाण फार मोठे असलेला तो माल कुजविताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि कोवळा मका उपाशी राहतो.

आता हवामानाकडे वळू. आपल्या खरिपाचे नत्राचे वर्ष मृगाच्या पहिल्या पावसाने उघडते, आणि त्या पावसात एक गोष्ट घडते जिची दखल फार थोडे लोक घेतात. उन्हाळाभर तापून कोरडी ठणठणीत झालेली माती एकदम भिजली की जिवाणू झपाट्याने कार्यास लागतात आणि थोड्याच दिवसांत नत्राचा लोट मोकळा होतो. १९५० च्या दशकात केनियातील मातींवर एच. एफ. बर्च यांनी याचा बारकाईने अभ्यास केला, आणि म्हणून हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे नत्र फुकटचे आहे, पण त्याला घेणारी मुळे त्या वेळी जमिनीत नसतात. पेरणी लांबली आणि मधल्या काळात दोन मोठे पाऊस झाले, तर हलक्या जमिनीत ते धुऊन खाली जाते आणि भारी जमिनीत तुंबलेल्या पाण्यात नष्ट होते. म्हणूनच, पेरणीयोग्य ओल पुरेशी खोल गेल्याची खात्री होताच टोकण करावी, आर्द्रा उलटू देऊ नये. ज्या वर्षी पेरणी वेळेवर साधली, त्या वर्षी भारी जमिनीत पहिल्या हप्त्यातील दहा किलो मागे ठेवून ते दुसऱ्या हप्त्यात मिळविले तरी पिकाचे काही बिघडत नाही.

जूनच्या उत्तरार्धात पेरलेला मका पुष्य नक्षत्राच्या सुमारास गुडघ्याइतका होतो, आणि तेथून तुरा निघेपर्यंतचे तीन-चार आठवडे हाच त्याच्या भुकेचा खरा काळ. कणसाला केस फुटेपर्यंत एकूण नत्रापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक नत्र त्याने उचललेले असते. या काळातच पाऊस बहुधा दोन टोकांना जातो : जुलैत झड लागते आणि ऑगस्टात उघडीप पडते. उघडिपीत पीक पिवळे दिसते म्हणून खत घालण्याची जी घाई होते, तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळांपर्यंत येते. वरचा थर कोरडा पडला की तेथील नायट्रेट जागच्या जागी राहते, खाली ओल असली तरी तेथे नत्र नाही आणि वर नत्र असले तरी तेथे ओल नाही, अशी स्थिती होते. शेततळ्याचे किंवा विहिरीचे एक संरक्षक पाणी देता येत असेल तर हप्ता देऊन पाणी द्यावे. नसेल तर हप्ता हाती राखून ठेवावा आणि पाऊस परतला की तुरा निघण्याच्या आत द्यावा. तुरा निघून केस वाळल्यावर जिरायत मक्याला दिलेल्या नत्राने दाणा वाढल्याचा अनुभव क्वचितच येतो. हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेकडून मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याजिल्ह्यांसाठी कृषिसल्ला प्रसिद्ध होतो, त्यावर नजर ठेवून हप्त्याचा दिवस दोन-चार दिवस पुढे-मागे करणे ही बिनखर्चाची तजवीज आहे, आणि पेरणीनंतरचा तिसावा दिवस कॅलेंडरवर गाठण्याच्या हट्टापेक्षा ती कितीतरी फलदायी ठरते.

दुष्काळात आणखी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. भरपूर नत्र मिळालेला पण पाण्यावाचून खुंटलेला मका नायट्रेटचा साठा ताटाच्या बुडख्यात करतो, आणि असे हिरवे ताट गुरांना पोटभर घातल्यास विषबाधा होऊ शकते. खुंटलेला मका चारा म्हणून कापायचा झाला तर बुडखा उंच सोडून कापावा आणि इतर कोरड्या वैरणीत मिसळून थोडा थोडा घालावा.

नत्राची उणीव ओळखण्याचे चिन्ह शेतात उभे राहून पाहण्यासारखे असते. खालचे जुने पान टोकाकडून पिवळे पडत येते, पिवळा भाग मधल्या शिरेच्या आधाराने देठाकडे सरकतो, आणि कडा मात्र काही काळ हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर देठाकडे टोक असलेली पिवळी पाचर दिसते. नव्या, वरच्या पानांच्या बुडाशी पांढुरके पट्टे दिसले तर तो दोष जस्ताचा आहे. चुनखडीच्या जमिनीत तो हटकून आढळतो, आणि युरियाने तो दूर होत नाही, त्यासाठी पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे लागते.

वाणांच्या निवडीचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतला आहे. आपल्या देशात १९५७ साली मक्यासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प स्थापन झाला, पिकांच्या बाबतीत असा तो पहिलाच. त्यातून १९६१ साली गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण बाहेर पडले. तेव्हापासून आजतागायत वाणांची पारख बहुतांशी उत्तम मशागत आणि पूर्ण खतमात्रा यांवरच होत आली, आणि अशा परीक्षेत पहिला आलेला वाण कमी नत्रातही पहिला येईलच असे नाही. मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय केंद्राने १९८० च्या दशकापासून मुद्दाम नत्रहीन केलेल्या जमिनीत मक्याची निवड करून हेच पडताळून पाहिले, आणि जेथे नत्राच्या तुटीने उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांहून अधिक घटते, तेथे वाणाची निवडही तशाच जमिनीत करावी, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

वाण पाहताना मुळांची ठेवण, पक्वतेचा काळ आणि केसांची वेळ या तीन गोष्टी जमिनीशी ताडून पाहाव्यात. ज्याची मुळे उभी आणि खोल जातात, असा वाण खाली उतरलेले नायट्रेट पकडतो, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे जोनाथन लिंच यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. परंतु त्या मुळांना उतरण्यास खोल आणि निचऱ्याची माती पाहिजे, आणि मुरमावर तेच वाण घेतले तर त्या गुणाचा उपयोग शून्य. मुळांची ठेवण पाहण्यासाठी प्रयोगशाळा नको : केस सुकल्यावर प्रत्येक वाणाची तीन-चार ताटे एक फूट भोवतालच्या मातीसह फावड्याने उपटून पाण्यात धुतली, तर मुळांचा कोन आणि दाटपणा डोळ्यांना दिसतो. पक्वतेबाबत माझा सल्ला असा की, उथळ जमिनीत ८५ ते ९५ दिवसांच्या लवकर येणाऱ्या वाणांचाच विचार करावा. १०५ ते ११५ दिवसांचे वाण केसांनंतरही नत्र उचलत राहतात आणि त्यांची पाने दाणा भरेपर्यंत हिरवी टिकतात, पण सप्टेंबरात ओल टिकली तरच. म्हणून ते खोल जमिनीचे, किंवा हाताशी पाणी असलेल्या शेताचे वाण होत. तिसरी खूण अशी की, नत्र आणि पाणी यांचा ताण पडताच काही वाणांत तुरा वेळेवर निघतो आणि केस मात्र पाच-सहा दिवस मागे राहतात. परागाची वेळ टळते आणि कणसे दातपडकी भरतात. ज्या वाणात ताणाच्या वर्षीही हे अंतर दोन-तीन दिवसांच्या वर जात नाही, ते वाण जपून ठेवावे.

रब्बी मक्याची गोष्ट थोडक्यात आटोपता येते. पाणी आपल्या हाती असल्यामुळे नत्र वाहून जाण्याचे भय कमी. थंडीत अमोनियाही कमी उडतो. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मुळे आणि जिवाणू दोन्ही मंदावतात, म्हणून हप्ता देऊन लगेच हिरवेपणाची अपेक्षा धरू नये, आणि पाटपाणी देताना सरी ओसंडेल इतके पाणी सोडून स्वतःच्या हाताने नत्र धुऊन काढू नये. ठिबकवर रब्बी मका घेणाऱ्यांनी तर नत्राचे आठवड्याआठवड्याचे लहान हप्ते करावेत.

हे सारे वाचूनही आपल्या शेताचा आकडा आपल्याच शेतात काढावा लागतो, आणि त्याची रीत अवघड नाही. शेताच्या एकसारख्या भागात ३३ फूट लांब-रुंद, म्हणजे प्रत्येकी एक गुंठ्याचे, सहा वाफे आखावेत. दोन वाणांसाठी प्रत्येकी तीन. एका वाफ्याला नत्र मुळीच द्यायचे नाही, दुसऱ्याला निम्मे, तिसऱ्याला पूर्ण. पूर्ण मात्रा गुंठ्याला १.२ किलो नत्र, म्हणजे २.६ किलो युरिया. स्फुरद डीएपीतून देऊ नये, कारण त्यात १८ टक्के नत्र असल्याने बिननत्राचा वाफा बिननत्राचा राहत नाही. त्याऐवजी सहाही वाफ्यांना ३.७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ६७० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश सारखे द्यावे. काढणीच्या वेळी कडेच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडून मधली कणसे मोडावीत, दाणे सारखे वाळवून तोलावेत, आणि गुंठ्याचा हिशेब करावा.

समजा, पहिल्या वाणाने बिननत्रात ३४, निम्म्या नत्रात ५० आणि पूर्ण नत्रात ५८ किलो दाणे दिले. दुसऱ्याने अनुक्रमे २६, ४६ आणि ६२. पूर्ण मात्रेवर पहिल्या वाणाने दर किलो नत्रामागे २० किलो दाणे वाढविले आणि दुसऱ्याने ३०. हा एकच आकडा पाहणारा दुसऱ्या वाणाला अधिक कार्यक्षम ठरवील, आणि पूर्ण मात्रा टिकवून धरणाऱ्या जमिनीत तो खराही ठरेल. परंतु ज्याची जमीन नत्र टिकवत नाही किंवा ज्याच्या हाती निम्मीच मात्रा आहे, त्याला पहिल्या वाणाने गुंठ्याला चार किलो, एकरी १६० किलो मका अधिक दिला आहे. शिवाय पहिल्या वाणात शेवटच्या ६०० ग्रॅम नत्राने केवळ ८ किलो दाणे वाढले, पण दुसऱ्यात तेवढ्याच नत्राने १६. तेव्हा पहिले वाण लावणाऱ्याने मात्रा पूर्णाच्या थोडी आत ठेवावी; दुसरे लावणाऱ्याने ती कमी करू नये.

बिननत्राच्या वाफ्याचे उत्पन्न हा आकडा विशेष जपून ठेवावा, कारण जमीन स्वतः किती देते हे तोच सांगतो. ज्या शेतात आधी भुईमूग, मूग किंवा उडीद होता तेथे तो वर चढलेला दिसेल आणि ज्वारीनंतर घसरलेला. ओळीने दोन-तीन वर्षे, प्रत्येक वर्षी वाफ्यांची जागा बदलून, हा प्रयोग करावा, कारण बिननत्राच्या जागेवर पुन्हा बिननत्राचा वाफा घेतला तर जमीन आधीच खंगलेली असते आणि आकडा खोटा पडतो. आकड्यांशेजारी त्या हंगामाची पेरणीची तारीख, प्रत्येक हप्त्याचा दिवस, त्यानंतर पाऊस किती दिवसांनी व कसा आला, शेतात पाणी किती दिवस तुंबले आणि उघडीप किती लांबली, एवढे वहीत लिहून ठेवावे. झडीच्या वर्षी कोणत्या वाणाने हात दिला आणि खंडाच्या वर्षी कोणत्या, हे त्यावरून दिसू लागले की पुढच्या मृगाआधी बियाणे घेताना दुकानदाराला विचारण्याचे प्रश्न आपोआप बदलतात.